होडीचा डावा काठ

“रिकामी म्हनला, आन ह्ये वज्जं?”

गुंडातात्या माझ्या कानाशीच पुटपुटला. मोठ्यानं कुरकुर करायची त्याला सवय नाही. टेंपोतून होडी उतरवायला आम्ही पाच जण लागलो होतो आणि तो नेमका माझ्या शेजारी होता.

“ही एक बाजू तर उचलंना झालीया,” तो परत पुटपुटला. “कोन बसलंय का काय वैनी हिच्यात?”

मी हसले.

त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

या पेजवर येणाऱ्या गोष्टी मी नेमानं वाचते. बहुतेक रात्रीच्या असतात. अमावस्या, ओसाड रस्ता, पांढऱ्या साडीतली बाई. वाचून झाल्या की मी कणीक मळते आणि विसरते. माझ्या गोष्टीत रात्र नाही. मे महिना, भर दुपार, कपाळावर घाम आणि वीस पावलांवर हायवे. जे झालं ते उजेडात झालं. उजेड होता म्हणूनच झालं.

कुणाला खोटं वाटत असेल तर उंब्रजला या. होडी अजून माझ्या शेडमध्ये उपडी ठेवलेली आहे. गावाला नंतर दुसरी मिळाली. ही न्यायला कुणी आलं नाही. तिला रंग नाही. मी देणारही नाही.

दुपारी चार वाजले की मी तिच्याकडं पाठ करून बसते.

का, ते सांगते.

आमचं फायबरचं वर्कशॉप आहे. ट्रकचे बंपर, पाण्याच्या टाक्या, मिरवणुकीतले हत्ती, जे म्हणाल ते. यजमान माल पोचवायला सदा बाहेर, त्यामुळं शेड माझ्या आणि गुंडातात्याच्या जिवावर. तात्या साठीचा आहे, मी पन्नाशीला टेकलेय. दोघांच्या अंगाला फायबरची खाज आता कायमची मुरली आहे.

ही होडी माझ्या माहेरची. कुंडलच्या पलीकडं, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. नाव सांगत नाही, तिथं माझी माणसं राहतात.

एकवीस सालच्या जुलैत पूर आला तेव्हा ग्रामपंचायतीची ही एकच होडी होती. चालवणारा माझा धाकटा भाऊ, लालासाहेब. मिल्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आला होता. पाण्याची भीती कशी ती त्याला माहीत नव्हती. दोन दिवसांत त्यानं सत्तरेक माणसं बाहेर काढली. गावानं त्याला नंतर शाल-नारळ दिला. फोटो आहे. फोटोत तो कुणाकडंच बघत नाही.

शेवटची खेप आमच्याच गल्लीची होती.

त्या खेपेत आमची आई आली नाही.

चौथ्या दिवशी ती खालच्या अंगाच्या उसात सापडली.

मी इकडं उंब्रजला. रस्ते पाण्याखाली, फोन बंद. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. माझ्या वाट्याला आईचं तोंडसुद्धा आलं नाही. आलं ते एक वाक्य.

“म्हातारी म्हस सोडाय माघारी गेली.”

भाऊ हेच म्हणाला. भावजय हेच म्हणाली. शेजारचे, सरपंच, किराणावाला, सगळे हेच म्हणाले. तेच शब्द, त्याच क्रमानं. पाठांतर घेतल्यासारखं.

मी विचारायची, ती शेवटी कुठं उभी होती? काही म्हणाली का? माझं नाव काढलं का?

समोरचा माणूस चहाच्या कपात बघायचा.

मला दुसरं काही नको होतं. आई शेवटच्या घटकेला कुठं होती, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं. चार वर्षं मी तेवढ्यासाठी माहेरी जात राहिले आणि म्हशीची गोष्ट ऐकून परत येत राहिले. खरं सांगू? मी त्या म्हशीचा राग करायला लागले होते. आईचाही थोडा. आमच्यापेक्षा तुला ती दावणीला बांधलेली प्यारी झाली का, असं मनात म्हणायची.

तर यंदा पावसाळ्याआधी होड्यांची तपासणी निघाली. बघायला आलेला माणूस म्हणाला, या होडीवर रंगाचे इतके थर आहेत की खाली तडा असला तरी दिसायचा नाही. सगळा जुना रंग उतरवून आणा. सरपंचांनी गावची लेक म्हणून मला फोन केला आणि होडी धाडून दिली. मे महिन्याचा पहिला मंगळवार.

त्याच संध्याकाळी लालाचा फोन.

“आक्का, रंग काढू नगंस. वरनं एक कोट मार आन दे लावून.”

मी त्याला समजावलं. तडा झाकून ठेवला तर पुराच्या पाण्यात माणसं जातील. तुला मी सांगायला हवं का?



“नगंस म्हनतोय न्हवं मी,” म्हणाला आणि फोन ठेवला.

पूर ओसरल्यावर एकदा आणि मग दरवर्षी जूनमध्ये तो ही होडी स्वतःच रंगवायचा. दुसऱ्या कुणाला ब्रश धरू द्यायचा नाही. गावात म्हणायचे, फौजी माणूस, सामानाला किती जपतो बघा.

बुधवारी काम काढलं. होडी दोन लाकडी घोड्यांवर उपडी ठेवली. तिचा डावा काठ पश्चिमेला, शेडच्या उघड्या बाजूला आला.

फायबरवरचा रंग काढणं म्हणजे लोखंडी गेट घासणं नव्हे. पत्र्यावर चालणारं रंग काढायचं औषध इथं लावलं तर रंगाबरोबर फायबरही मऊ पडतं. दिवा मारून जाळायचा म्हटलं तर पोळतं. एकच वाट. पाणी, वॉटरपेपर, लाकडी ठोकळा आणि मनगट. घासायचं, पुसायचं, परत घासायचं. थर एकेक करून जातो. घाई केलेली त्याला सोसत नाही.

वर नारिंगी होता. त्याच्याखाली हिरवा. त्याखाली राखाडी. त्याखाली निळा.

चार वर्षांचे चार थर. कुठंही आधी घासलेलं नाही, रंगावर नुसता रंग. लालाला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

सगळ्या होडीवर थर पातळच होता, सालपटासारखा निघत होता.

फक्त डाव्या काठाला एका जागी…

तिथं रंग भाकरीएवढा जाड होता.

जागा फार मोठी नव्हती. माझ्या दोन विती. तेवढ्याच जागेत कुणीतरी पुन्हा पुन्हा रंग भरला होता. दिलेला थर वाळू न देता त्यावर दुसरा, त्यावर तिसरा.

तात्या त्या जागेवर बसला. मी दुसऱ्या अंगाला. दुपारपर्यंत आमचं बोलणं म्हणजे त्याच्या सुनेची गाऱ्हाणी. ती भाकरी जाड करते, ती फोनवर बोलते, ती त्याचा रेडिओ बंद करते. मग एकाएकी तो बोलायचा थांबला.

बघितलं तर तो ठोकळा हातात धरून नुसता बसला होता.

“काय झालं तात्या?”

“काय न्हाई.”

परत घासायला लागला. परत थांबला.

जेवायच्या सुट्टीत तो आंब्याखाली जाऊन आडवा झाला. मी डबा घेऊन होडीच्या सावलीला टेकले. लाईट गेली होती. पंखा बंद, ग्राइंडर बंद.

आणि आवाज यायला लागला.

खर्र…

खर्र…

वॉटरपेपरचा नव्हे. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. हा बारीक होता. गुळगुळीत भिंतीवर नखं घसरावीत तसा. घसरायचा, थांबायचा, परत वरून घसरायचा.

मी उठून पलीकडं गेले. कुणी नव्हतं. उंदीर असेल म्हणावं तर आवाज एकाच जागेतून.

जाड रंगाच्या जागेतून.

मी डबा झाकला. पुढचं जेवले नाही.

गुरुवारी सकाळी बघितलं तर ती जागा ओली होती. आम्ही आदल्या दिवशी पाच वाजता हात धुतले होते. रात्रभर उकाडा. बाकी होडी खडखडीत वाळलेली आणि तेवढा दोन विती काठ ओला. पुसला. पाच मिनिटांत परत ओला.

मी बोट लावून वास घेतला.

ज्यांच्या घरात पुराचं पाणी आलंय त्यांना हा वास सांगायला नको. ज्यांच्या आलं नाही त्यांना सांगून कळायचा नाही. गाळ, कुजलेलं धान्य, डिझेल आणि मेलेलं काहीतरी. चार वर्षांत मी तो फक्त माहेरच्या कपाटात घेतला होता.

तरी आम्ही काम केलं. पोटाचा धंदा आहे, वासाला भिऊन चालत नाही. तात्यानं नाकाला पंचा गुंडाळला आणि दुपारपर्यंत तो जाड रंग मुळापर्यंत उतरवला.

फायबरच्या कामात शेवटची परीक्षा डोळ्यांची नसते. ओल्यावर सगळं सपाट दिसतं. म्हणून डोळे मिटायचे आणि तळहात फिरवायचा. चढ, खड्डा, कंगोरा, डोळ्याला चुकलेलं हाताला सापडतं. मला हे कुणी शिकवलं नाही. शंभर टाक्या बिघडवल्यावर आपोआप कळलं.

मी डोळे मिटले. काठाच्या आतल्या कडेवरून हात फिरवला.

गुळगुळीत…

गुळगुळीत…

खोलगट.

एक. त्याच्या शेजारी दुसरं. तिसरं.

आणि चौथं… अर्धंच.

माझी बोटं त्या खळग्यांत आपसूक बसली. करंगळी सोडून. करंगळीला तिथं जागा पुरत नव्हती.

माझ्या आईची डाव्या हाताची करंगळी कडबाकुट्टीच्या पात्यात अर्धी गेली होती. मी सहावीत होते तेव्हा. तिनं त्याचं कधी दुःख केलं नाही. आमटी अळणी झाली की म्हणायची, मिठाचं माप अर्धं झालंय बाई माझं, मी काय करू.

मी हात काढून घेतला.

साच्यातला दोष असेल, असं तात्याला म्हटलं. असे दोष असतात. घास आणखी, निघून जाईल. तो घासत राहिला. मी बघत होते. कडा झिजत होती, पण खळगे तेवढेच खोल. जितकं फायबर जायचं तितके तेही आत सरकायचे.

तात्यानं ठोकळा खाली ठेवला.

“वैनी, मी आता सांगतो. हसू नगा.” त्यानं नाकावरचा पंचा काढला. “काल धरनं म्या ठोकळा पुढं ढकलतोय, आन पलीकडनं कोनतरी माघारी ढकलतंय. कोनतरी धरून हाय ह्या काठाला.”

मी काठाकडं बघितलं.

“आन सोडंना,” तो म्हणाला.

त्यानं हातपाय धुतले, पायताण घातलं आणि घरी गेला. सतरा वर्षांत तात्या असा दुपारी उठून गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी आला नाही. आजतागायत शेडमध्ये आलेला नाही. बाजारात भेटतो, सुनेची गाऱ्हाणी सांगतो, होडीचं नाव काढत नाही.

शुक्रवारी मी एकटीनं काम संपवलं.

सगळा रंग गेला. खाली फायबर उघडं पडलं. स्वस्तातलं काम होतं, बनवताना रेझीनमध्ये रंगच घातला नव्हता. असं उघडं फायबर उन्हात धरलं की मधासारखं दिसतं. उजेड आरपार येतो. म्हणून तडा शोधायची एक सोपी रीत आहे. उपड्या होडीखाली जाऊन बसायचं आणि वर बघायचं. तडा असला तर पांढरी रेघ उठून दिसते.

चारच्या सुमाराला ऊन पश्चिमेनं शेडमध्ये शिरलं. मी वाकून होडीखाली गेले आणि फरशीवर मांडी घालून बसले.

पहिली गोष्ट जाणवली ती अशी की हायवे गेला.

आमच्या शेडमध्ये हायवेचा आवाज चोवीस तास असतो. तो आम्हाला ऐकू येत नाही इतका असतो. होडीखाली तो नव्हता. ट्रक नाही, हॉर्न नाही. त्याच्या जागी काहीतरी होडीच्या अंगावर हलकं हलकं आपटत होतं.

चुबुक…

चुबुक…

पाणी.

उजवी बाजू तपासली. तडा नाही. पुढच्या नाकाडाकडं तपासलं. तडा नाही. मग डाव्या बाजूला वळले. तिकडून ऊन थेट येत होतं, सगळी बाजू पिवळीधमक उजळली होती.

तिच्यावर सावली होती.

खाली काठाशी बोटं. त्यांच्यावर मनगट. त्यावर कोपरापर्यंत हात. त्यावर डोकं. त्यावर खांदे. आणि त्यावर, होडीच्या बुडाकडं पसरत गेलेलं, हलणारं लुगडं.

उलटी लटकलेली बाई.

मला समजायला थोडा वेळ लागला.

ती उलटी नव्हती. होडी उलटी होती.

ती पाण्यात होती. बाहेरून काठ धरून.

मी रांगत बाहेर आले. डाव्या बाजूला कुणी नव्हतं. ऊन होतं, आमचं कुत्रं झोपलं होतं, हायवेवरून विटांचा ट्रॅक्टर चालला होता.

परत खाली गेले.

ती होती.

तेव्हा मला भ्यायला हवं होतं. भीती नंतर आली, अजून आहे. पण त्या क्षणी पहिल्यांदा मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. मला वाटलं, ही आत का येत नाही? जागा आहे की.

मी आतून त्या हाताच्या सावलीवर माझा तळहात टेकवला.

मे महिन्यात, चार वाजताच्या उन्हात तापलेलं फायबर… गार होतं. नदीसारखं गार.

पलीकडून काहीतरी घट्ट झालं.

मी तिथून कशी निघाले मला आठवत नाही. घरात आले तेव्हा माझा उजवा तळहात सुरकुतला होता. बराच वेळ पाण्यात ठेवल्यासारखा.

संध्याकाळी मी सृष्टीला फोन लावला. सृष्टी ही लालाची मुलगी, कराडला होस्टेलवर राहून शिकते. पुराच्या वेळी बारा वर्षांची होती आणि शेवटच्या खेपेत होडीत होती. तिला या विषयावर कुणी विचारायचं नाही असा घरात अलिखित नियम आहे. पोर आजारी पडते म्हणे.

मी आडून विचारलं. अभ्यास, मेस, केस गळतात का. मग म्हटलं, बाळ, पुराच्या दिवशी आपल्या म्हशी कुठं होत्या गं?

“म्हशी?” ती म्हणाली. “म्हशी तर आधीच दोन दिवस कुंडलला मामाकडं नेल्या होत्या, आत्या. पप्पांनीच नेल्या.”

म्हणजे गोठा रिकामा होता.

मी विचारलं, मग आजी माघारी कशाला गेली?

मला वाटलं फोन कट झाला. मग ती एकदम लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, पप्पांना विचार. आणि खरंच कट झाला.

रात्री मी लालाला एवढंच कळवलं की रंग उतरलाय, येऊन बघून जा.

शनिवारी साडेतीनला तो मोटरसायकलवर आला. साठ किलोमीटर उन्हातून. आधीच वाळला होता, त्या दिवशी शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तो बघितला आणि कट्ट्यावर ठेवून दिला. चार वर्षांत कुठल्याही भांड्यातलं पाणी तो माझ्यासमोर प्यायला नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्याच भावाचं, मला इतक्या उशिरा.

तो शेडच्या आत येईना. उन्हातच उभा राहिला.

त्यानं होडीकडं बघितलं.

उघडी, रंग नसलेली होडी त्यानं चार वर्षांत पहिल्यांदा बघितली असेल. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही. मी त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय. मला तो चेहरा कुणाला सांगायचा नाही.

“सांगितलं हुतं तुला,” तो हळू म्हणाला.

मी म्हटलं, तडा एकही नाही. खाली बसून बघ. तो नाही म्हणाला. मी परत म्हटलं. त्यानं मान हलवली, लहान मुलं इंजेक्शनला हलवतात तशी.

“मग मी बसते,” म्हटलं आणि आत शिरले.

हायवे गेला. पाणी आलं.

ऊन पिवळं झालं होतं. ती तिथंच होती. आदल्या दिवसापेक्षा ठळक.

काठाच्या खालून मला बाहेरची जमीन दिसत होती. लालाची चप्पल दिसत होती. एकच जोड. ती चप्पल हळूहळू जवळ आली. मग होडीच्या अंगावर त्याचीही सावली पडली, सरळ, उभी. तिच्या शेजारी दुसरी, उलटी. मायलेकरं. मध्ये सुताएवढं फायबर, आणि अलीकडं मी.

“लाला,” मी आतून म्हटलं. “तुला काय दिसतंय तिथं?”

“काय न्हाई.”

खरंच त्याला काही दिसत नसावं. पण त्याच्या सावलीचा हात वर उठला… आणि बरोबर त्या जागी आला. खळग्यांची जागा मी त्याला दाखवली नव्हती. तोंडानं सांगितलीही नव्हती. काठ सव्वातीन मीटर लांब आहे. त्याचा हात न चाचपडता तिथंच आला.

आणि हलायला लागला.

आधी अर्ध्या करंगळीवर. मग तिच्या शेजारच्या बोटावर. त्याच्या शेजारच्या. एकेक करून, सावकाश, उचलल्यासारखा.

त्याला स्वतःला ते कळत होतं की नाही मला माहीत नाही. तो रडत नव्हता. त्याचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. हात तेवढा हलत होता, सवयीचं काम करावं तसा.

मी तोंडावर पदर धरला. वरून पाणी आपटत होतं.

“लाला,” मी म्हटलं. “म्हस कुठली रं?”

हात थांबला.

चप्पल जागची हलली नाही. मग त्यानं बोलायला सुरुवात केली. त्याचा आवाज मला फायबरमधून येत होता, पाण्याखालून आल्यासारखा. तो सांगत होता की होडी सहा माणसांची होती आणि आत अकरा बसली होती. त्यातली पाच पोरं. सृष्टी काठालाच बसली होती. धार जोराची होती, पाणी आत यायला लागलं होतं, आणि पोरं ओरडत होती. आत बसलेल्यांपैकी मोठ्या माणसांनी तोंडं फिरवली होती. ती सगळी गावातली आहेत, मी माहेरी गेले की भेटतात, चहा देतात.

तो थांबला.

मी वाट बघत राहिले. चार वर्षं बघितलीच होती.

पलीकडं उन्हात उभा राहून माझा धाकटा भाऊ म्हणाला,

“आक्का… आईनं काठ सोडला न्हवता. म्या सोडवला.”